कनेक्शनच नाही म्हणे!

जेवणाच्या सुट्टीनंतर ईरा जागेवर आली, तर तिच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक. "भैया, कुछ गिर गया क्या?" तिने विचारलं, तसा टेबलावर डोकं आपटल्याचा आवाज झाला... आणि मागोमाग यशोधन बाहेर आला. कपाळ चोळत, हसत.

सांगलीहून आठ दिवसांसाठी आला होता तो. रायपूरच्या तेलीबांधा तळ्याकाठच्या नकाशांच्या ऑफिसातले सगळे संगणक अपडेट करायचे, की परत. बाकीचे झाले, ईराचाच अडून बसला. इंटरनेट तर छान चालत होतं. तिने त्याच्यासमोर गाड्यांचं वेळापत्रक उघडून दाखवलं. पण अपडेट करणारं सॉफ्टवेअर म्हणे, कनेक्शनच नाही! यशोधनने समजावलं, की ते एकाच ठिकाणी हाक मारून बघतं आणि तिथून ओ आली नाही, की सगळं जगच बंद आहे असं धरून चालतं.

"बुद्धू है," तो म्हणाला.

"आपके जैसा?" ती म्हणाली.

त्याची हिंदी म्हणजे आनंदीआनंद, पण ईराला ती गोड वाटू लागली. तिसऱ्या दिवशी तिच्या बोलण्यातला 'भैया' गळाला. रायपुरात भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळेच भैया. तो गळतो तेव्हा समजणाऱ्याने समजावं. यशोधनला काही समजलं नाही.

खरं तर ईराचं घर पुरानी बस्तीतलं, भोसल्यांच्या काळापासूनचं मराठी. पण एकदा पुण्याच्या मामेबहिणी तिच्या 'मले-तुले'वर पोट धरधरून हसल्या होत्या. तेव्हापासून परक्यांपुढे ती हिंदीच बोले. यशोधनशी मराठीत बोलावं असं दहादा ओठांवर आलं... आणि दहादा तिने ते गिळलं.

शनिवारी दुपारी तो निघणार होता. बाहेर तळ्यावर पाऊस भुरभुरत होता. यशोधनने कुठलीशी सेटिंग बदलली, सॉफ्टवेअरने एकदाचं कनेक्शन कबूल केलं, आणि तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. ईरा शेजारीच होती. तिला थोडंच कळतंय, म्हणून तो खुशाल मराठीत बोलू लागला.

"आई, मिरजेच्या स्थळाला... कळवून टाक होकार. खरं सांगू? मला इथली एक आवडलीय. अगदी मनापासून. पण तिला मराठीचा गंध नाही. तू दिवसभर घरात बोलणार कुणाशी?"

ईराला वाटलं, तो हसला तर हसू दे... पण गेला तर?

"तुम्ही मले कधी विचारलं काय?" ती म्हणाली. "आपल्याच मनानं ठरवून टाकलं, पोट्टीले मराठी येत नाही म्हणून. मी आठ दिवस झाले तुमची मोडकी हिंदी ऐकून राहिली."

यशोधन हसला नाही. हातातला फोनच तेवढा विचारत होता, कोण आहे रे, कोण आहे?

"हीच ती, आई," तो कसाबसा म्हणाला.

आईने फोन तिच्याकडे द्यायला लावला. नाव विचारलं, घरचं विचारलं आणि मग आडपडदा न ठेवता विचारलं, आमचा यशोधन पसंत आहे का तुला?

ईराने त्याच्याकडे पाहिलं. कान लाल करून तो भिंतीवरचा नकाशा वाचत होता.

"हव," ती म्हणाली.

रायपुरात 'हव' म्हणजे हो. सांगलीला मात्र भलतंच ऐकू गेलं.

"हवा म्हणतेस? अगं बाई, धीट आहेस हो," आई खुशीत हसली.

ईराला चूक कळली. तिने ती दुरुस्त केली नाही.