शेवटच्या पेंढीची मान

इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये, त्या टेकाडाखालच्या शेतात गव्हाची कापणी संपत आली होती. विळ्याला धार लावून केझिया लस्कम बांधावर बसली होती. साठी उलटलेली बाई, पण पाठ अजून सरळ. आजोबांच्या वेळेपासून इथली शेवटची पेंढी लस्कमांच्याच हातानं कापली जायची, दुसरं कुणी धजायचंच नाही. कापणी पुढे सरकते तसा शेताचा जीव मागे मागे हटत जातो आणि शेवटच्या मूठभर गव्हात येऊन लपतो, असं सगळे मानायचे. त्याच्यावर विळा चालवायचा तर हातही तसाच हवा.

यंदा मालकांनी घोड्यांनी ओढायचं कापणीचं यंत्र आणलं होतं. जुने कापणारे काही चर्चमागच्या मातीत, काही शहरात गेलेले.

"काकू, तेवढा कोपरा पण काढून टाकतो," यंत्रावरचा जेथ्रो म्हणाला. "आत्ता होईल."

"आण की घोडे पुढे. आडवी पडते मी. आधी मला काप."

मालक ब्रिमकम हसले. "राहू दे रे, जेथ्रो. पण केझिया, तू ओरडणार, आणि विचारणार कोण? आम्ही चाललो जेवायला."

"माझं काम मी करणार. विचारायचं ज्याचं त्यानं बघावं."

रीत साधी होती. शेवटच्या ओंब्यांची वेणी घालायची. वरच्या गाठीखाली ती गळ्यासारखी निमुळती होते, म्हणून तिला 'मान' म्हणायचे. कापणाऱ्यानं ती उंच धरून ओरडायचं, "मिळाली!" भोवतीच्यांनी टोप्या काढून जमिनीपर्यंत वाकायचं आणि हळूहळू उठत विचारायचं, "काय मिळालं?" मग त्यानं सांगायचं. तीन वेळा.

घोडे गेले. माणसांचं हसणं कुंपणापलीकडे विरलं. ऊन टेकाडावरून उतरलं, खालच्या ओढ्यातून पांढरं धुकं धसकटांवर पसरू लागलं. ओल्या पेंढ्याचा वास आला. केझियानं गुडघा टेकला, एका घावात मूठ कापली, वेणी घातली. मग उभी राहिली आणि साऱ्या ताकदीनं ओरडली,

"मिळाली!"

कावळेसुद्धा गप्प. खरंच का आपण वेडी म्हातारी...

मग तिच्या भोवतीनं, अगदी जमिनीलगतून, एक घोगरा हुंकार निघाला. वाकलेली पुष्कळ माणसं एकदम उठू लागावीत तसा तो वर वर चढला.

"काय... मिळालं...?"

तिनं भोवती पाहिलं. धुक्यात कुणी दिसत नव्हतं. पण ती ओळ, तो शेवटचा लांबवलेला सूर... आता असं विचारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. पळावंसं वाटलं. पण लस्कमांपैकी कुणी मान हातात घेऊन पळालं नव्हतं.

"मान!" ती गरजली. "मान मिळाली!"

दुसऱ्यांदा आवाज जवळ आले. तिसऱ्यांदा इतके जवळ, की तिच्या कानशिलावरचे केस हलले. तरी तिचा हात खाली आला नाही. डोळे भरले होते, ते भीतीनं नव्हे. एवढ्या मोठ्यानं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

ती मालकांच्या घराकडे वळली, तेव्हा खांद्यामागून एकच आवाज आला, मऊ, म्हातारा.

"पुढच्या वर्षी कोण गं?"

"मीच," वळून न बघता केझिया म्हणाली. "जगले तर."

"नाही जगलीस तरी..."

ती थांबली. क्षणभरच. मग ताठ मानेनं चालत राहिली.

स्वयंपाकघरात सगळे पानांवर बसले होते, पण कुणी घास उचलला नव्हता. जेथ्रोनं टोपी काढून छातीशी धरली होती. मालकीणबाईंनी खिडकीतून काय पाहिलं कोण जाणे, मुकाट्यानं त्या सफरचंदाच्या सायडरचे आणखी पेले मांडत होत्या. मांडतच होत्या.

केझियानं वेणी चुलीवरच्या खिळ्याला लावली. मालक उठले, तिच्यासाठी स्वतःची खुर्ची ओढली. मग धुकं आत येतंय असं पुटपुटत दाराकडे गेले.

"मालक, राहू द्या उघडं," केझिया म्हणाली.

"का?"

भिंतीलगतचं रिकामं बाक करकरलं. एकदा. पुन्हा एकदा.

"अजून सगळे आत आले नाहीत."