मचुनूंची निळी क्रेसिडा

हसा, हसा. लाइट गेली की तुमची तोंडं सुटतात. ते लाकूड जरा शेकोटीत सरकवा आणि गप्प बसा. ही गोष्ट कुणा ऐऱ्यागैऱ्याची नाही, पलीकडच्या टेकडीवरच्या मुझी मचुनूची आहे. त्याने मला सांगितली तेव्हा त्याचे दात वाजत होते, आणि ते काही थंडीने नव्हे.

गेल्या वर्षीचा जुलै, आपला ऐन हिवाळा, महिन्यातला शेवटचा शुक्रवार. मुझी डरबनहून आला होता एका कामासाठी: बापाची निळी क्रेसिडा गाडी भंगारात द्यायची. ग्रेटाउनचा भंगारवाला शनिवारी सकाळी ट्रक घेऊन येणार होता. त्याने फोनवर सांगितलं होतं, नंबरप्लेट आणि रेडिओ तेवढा काढून ठेव. अर्ध्या तासाचं काम.

एके काळी म्हातारा मचुनू ती गाडी चर्चला काढायचा तेव्हा बकऱ्यासुद्धा अदबीने बाजूला व्हायच्या. मुझी तिच्यावरच चालवायला शिकला आणि स्वतःच्या गेटचा खांबही तिनेच पाडला. म्हातारा गेल्यावर ती गोठ्यामागे उभी राहिली ती राहिलीच. तळ गंजला, टायर मातीत रुतले. तरी मुझीची आई दर शनिवारी तिच्या काचा पुसायची.

"दुरुस्त कर रे तिला," ती म्हणायची. "एकदा तिच्यातून चर्चला ने मला, मग मी सुखाने डोळे मिटेन."

"आई, तिच्यात गंजाशिवाय काही उरलं नाही."

"तुझे बाबा सात वर्षांत एकदाही स्वप्नात आले नाहीत, मुझी. सगळ्यांची माणसं येतात. माझं काय चुकलं असेल? निदान गाडी तरी राहू दे."

मुझी मान खाली घालायचा. काय चुकलं ते त्याला ठाऊक होतं. कुणाचं, तेही.

तुम्ही शहरात वाढलेली पोरं, म्हणून सांगतो. माणूस घराबाहेर मेला की नुसतं प्रेत आणून भागत नाही. त्याचा जीव तिथेच घोटाळत राहतो. मोठ्या मुलाने रानबोरीची काटेरी फांदी घेऊन जायचं आणि म्हणायचं, 'चला बाबा, घरी.' मग फांदी गाडीत ठेवायची आणि वाटभर सांगत यायचं. नदी आली, चढ आला, वळण आलं. दुसऱ्या कुणाशी अवाक्षर नाही. नाहीतर मेलेल्या माणसाला वाट कळायची कशी?

म्हातारा डरबनच्या दवाखान्यात वारला होता. मी मुझीला म्हटलं, दोघं जाऊ, गाडी मी चालवतो, तू बोल. पण हा पडला दीडशहाणा! फांदी याच क्रेसिडाच्या मागच्या सीटवर ठेवून एकटाच निघाला. थुगेला नदीच्या पुलापर्यंत नीट सांगत आला. पुलावर फोन वाजला. मैत्रीण. म्हटलं दोन शब्द बोलू... आणि बोलता बोलता घराचं गेट आलं. आईने विचारलं, "सगळी वाट सांगितलीस ना रे?"

"हो."

तो 'हो' सात वर्षं त्याच्या घशात अडकून होता. गाडी दिसली की वर यायचा. म्हणून ती डोळ्यांसमोर नको होती. गंज हे निमित्त.

तर त्या शुक्रवारी रात्री नऊला लाइट गेली. आई झोपली होती. मुझी टॉर्च घेऊन गोठ्यामागे गेला. नंबरप्लेट काढल्या. मग रेडिओसाठी स्टिअरिंगमागे बसला. वारा बोचत होता म्हणून दार ओढून घेतलं.

वारा थांबला.

गोठ्यातली गुरंही रवंथ करायची थांबली होती... पण हे त्याच्या मागाहून ध्यानात आलं.

एक स्क्रू निघाला. दुसरा निघेना. तेवढ्यात मागच्या सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. कुणी कूस बदलावी तशा.

मुझी हलला नाही.

श्वास. म्हाताऱ्या माणसाचा. अगदी मानेमागे...

"मुझी. कुठवर आलो रे?"

टॉर्च पडली.

आवाजात राग नव्हता, पोरांनो. राग असता तर परवडलं असतं, असं तो मला म्हणाला. लांबच्या प्रवासात म्हातारं माणूस डुलकीतून जागं होऊन विचारतं ना, तसा आवाज. थकलेला.

पळावंसं वाटलं. पण तो बसून राहिला.

"पूल..." मुझी म्हणाला. "बाबा... पूल ओलांडला."

मागे शांतता. कुणीतरी ऐकतंय अशी.

"दुकानं आली, बाबा. आता चढ लागला... पोमरॉय आलं. डावीकडे वळतोय. शाळा..." तो रडत होता. "बाबा, मी चुकलो. फोनवर बोलत बसलो. आईला खोटं सांगितलं... गेट आलं, बाबा. घर आलं. उतरा."

काही नाही.

काहीच नाही...

मग मागचं दार उघडलं. सावकाश.

मुझीने मागे वळून पाहिलं नाही.

उजाडता उजाडता तो माझ्या दारात आला. सगळं सांगितलं. मी त्याच्याबरोबर गेलो. ट्रक येऊन थांबला होता आणि आई अंगणात उभी होती. तिचा चेहरा इतका मोकळा मी सात वर्षांत पाहिला नव्हता.

"आले होते," ती म्हणाली. "स्वप्नात. म्हणाले, यायला उशीर झाला, पोरगा फोनवर होता."

मुझी तिच्यासमोर गुडघ्यांवरच बसला.

"सात वर्षं मला वाटलं, माझ्यावर रुसलेत," ती म्हणाली. "रात्र रात्र विचार करायचे. आणि तुला माहीत होतं, मुझी."

शिवी नाही, शाप नाही. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दे ती गाडी. आता नुसता पत्रा राहिलाय."

आणि बघा, इतकी वर्षं ज्याला ती नको होती, त्याच्याच्याने आता देववेना. पण आईचा शब्द होता.

त्या सकाळी हिव पडलं होतं. गवत पांढरं, गाडीचं टप पांढरं. भंगारवाल्याने मागच्या सीटला हात घातला आणि झटकन काढून घेतला. "इथे कोण झोपलं होतं?"

कोंबडी? गप रे, आगाऊ! कोंबडी काय माणसाएवढी असते? मी स्वतः हात लावला. खिडकीजवळची जागा खोल दबलेली होती. आणि गरम. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

मुझीने तिथे हात ठेवला तो काढेचना. ट्रकवाला हॉर्न मारून दमला. ऊन वर आलं, हिव वितळलं.

शेवटी गाडी गेली. तेवढी सीट मुझीने दिली नाही. आता ती आईच्या खोलीत आहे, भिंतीला टेकवून. परवा मी गेलो होतो. आई त्या सीटकडे हात करून म्हणाली, "बसा ना भावजी."

मी उभाच राहिलो.