रेझिनची खाडी

जेटी बांधायला काय लागतं ते आधी सांगतो. कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या, कबाबच्या बांबूच्या काड्या आणि तारेची घासणी दोन दिवस भिजवून ठेवलेलं व्हिनेगर. त्याचा एक हात मारला की नवं लाकूड तासाभरात तीस वर्षांचं दिसतं. दोरखंडासाठी शिलाईचा दोरा, जाळ्यासाठी बँडेजची पट्टी, खांबांना चिकटलेल्या कालवांसाठी रवा. मग त्यावर पाऊण इंचाची माणसं उभी करायची आणि मागून आगगाडी सोडायची.

हे मी सौदीतल्या खमीस मुशैतमध्ये केलं. समुद्रापासून दोन हजार मीटर वर, चहूकडे उघडे डोंगर, पाणी टँकरने येतं. तिथे अबू नासिर नावाचा गाड्यांच्या स्पेअर पार्टचा व्यापारी आहे. शहराबाहेर त्याचं सुट्टी घालवायचं घर आहे, इस्तिराहा म्हणतात, आणि तिथल्या एका हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल, टेबलावर रूळ, बोगदे, स्टेशनं. साठीच्या माणसाचं खेळणं. आता त्याला रुळाच्या कडेला बंदर हवं होतं.

माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो, फर्निचरच्या वर्कशॉपचा मालक. त्याने मला आणि शंकरला अबू नासिरकडे उसनं दिलं, शेजाऱ्याला पक्कड द्यावी तसं. शंकर पाटणकडचा, वायरमन. मी राजापूर तालुक्यातला सुतार. चार वर्षं मला सुट्टी नव्हती. दर वेळी कफील म्हणायचा, पुढच्या महिन्यात. या वेळी म्हणाला, गुरुवारी अबू नासिरचे पाहुणे येतायत, गाडी बंदरावरून नीट धावली की तुझा सुट्टीचा व्हिसा. मी निघालो तेव्हा माझी पूर्णिमा आठ वर्षांची होती. आता बारावं सरत आलं होतं. त्या व्हिशासाठी मी काहीही करू दिलं असतं, आणि करू दिलंच.

अबू नासिरने मला परदेशी बंदरांचे फोटो दाखवले. मी मान हलवली आणि आमच्या वाडीची जेटी बांधली. तिचं माप माझ्या बोटांत होतं. खरी जेटी बापाने आणि मी दोनदा दुरुस्त केली होती. एकोणीस खांब, तिसऱ्याला बाक. परक्याचं बंदर चित्रावरून शोधत बसायला मला वेळ नव्हता, आणि अबू नासिरला काय, जुनं दिसलं म्हणजे झालं. खाडीचा तळ गाळाच्या रंगाने रंगवला. पाणी दिसावं म्हणून दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर, असं ढवळून वर ओतलं. दुसऱ्या दिवशी ते काचेसारखं कडक झालं. वर हातोडी ठेवली तरी ओरखडा उठेना. खांबांवर भरतीची रेघही मीच काढली होती, खाली हिरवट काळं, वर राखाडी.

रविवारी हॉलमध्ये वास आला. शंकर म्हणाला, गटार तुंबलंय. मी म्हटलं, गटार नाही, हा ओहोटीचा वास आहे. गाळ उघडा पडला की येतो तो.

"मग तुझी खाडी म्हंजी गटारच की रं," शंकर म्हणाला. "नुसतं मोठं."

हसलो दोघं. साडेबाराला जेवून आलो तर खांब ओले होते. मी काढलेल्या रेघेच्याही वर, नखभर. बोट लावलं, गार लागलं. जिभेला लावलं, खारट. रेझिन मात्र कोरडं ठणठणीत. मला वाटलं, एसीचं पाणी. वर पाहिलं, एसी दुसऱ्या भिंतीवर. तिसऱ्या खांबावर पेन्सिलने खूण केली आणि कामाला लागलो. संध्याकाळी ओल उतरून पार तळाशी गेली होती.

सोमवारी ती पुन्हा चढली. या वेळी खुणेला टेकली तेव्हा सव्वा वाजला होता. शंकरने गाडी सोडली, ती जेटीजवळ येऊन थांबली. रूळ शॉर्ट होत होते. त्याने फडक्याने रूळ पुसला, फडक्यावर पांढरं मीठ आलं. शंकरने फडकं माझ्यासमोर धरलं आणि एकदम आईवरून शिवी दिली. मला नाही, फडक्याला.

मंगळवारी ओल दोन वाजता खुणेला टेकली. मी बघतच उभा होतो म्हणून सांगतो. आणि होडी फिरली होती. जेटीपुढे नांगरलेली एक होडी मी गोंदाने पक्की चिकटवली होती, नाळ, म्हणजे पुढचं टोक, किनाऱ्याकडे. आता तिची नाळ समुद्राकडे होती. तिच्या बुडाखालचं रेझिन तडकलेलं नव्हतं, गोंद सुटलेला नव्हता. उपटून बघितली, हलेना. खाडीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. नांगरलेली होडी पाण्याच्या लोटाकडे तोंड करते. भरतीला समुद्राकडे.

शंकरला मी काही बोललो नाही. तो म्हणाला असता, डोक्यावर परिणाम झाला, आणि मीही तेच म्हणत होतो.

साडेबारा, सव्वा, दोन. रोज पाऊण तास पुढे. बुधवारी सकाळी चहा पिताना ते डोक्यात बसलं आणि कप हातातच राहिला. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा भरतीची वेळ काढतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. मोबाइलमध्ये पंचांग उघडलं. रविवारी चतुर्थी होती. तीन वाजता भरती. सौदीचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे.

तीन वाजता तिकडे, म्हणजे साडेबारा इकडे.

इथल्या कुठल्या पाण्याची ही भरती नव्हती. आमच्या खाडीची होती.

दुपारी अबू नासिर आला. गाडी पुन्हा जेटीपाशी अडकलेली त्याने पाहिली. ओरडला नाही. फक्त म्हणाला, उद्या धावली नाही तर खलास, आणि माझ्याकडे बघून बोटानेच विमान उडवलं आणि खाली पाडलं. तो गेल्यावर शंकर ड्रिल घेऊन आला. खालून टेबलाला भोक पाडतो, म्हणाला, ओल कुठं साठतीया ती निघून जाईल. त्याने खाली बादली सरकवली. मी म्हटलं, पाड.

मी पाड म्हटलं. हे मला कुणी विचारलं नाही, तरी सांगतो.

मग अनिताला फोन लावला. बायकोला कामाच्या वेळी मी कधी फोन करत नाही. ती पहिलं हेच म्हणाली, काय झालं, बरे आहात ना. मी विचारलं, खाडीला पाणी कसं आहे.

"अहो, चार दिवस पाणीच नाही," ती म्हणाली. "ओहोटी लागते ती लागते, भरती येतच नाही. वर बंधारा घालतायत ना, त्या मेल्यांनी काहीतरी केलं असणार. होड्या सगळ्या आडव्या पडल्यात."

मागे बायकांचा आवाज येत होता, हसण्याचा. मी विचारलं, तू कुठे आहेस.

"खाडीत. मधोमध. वाडीतल्या सगळ्या आलोय मुळे काढायला. एवढे मुळे जन्मात बघितले नव्हते हो, शिंपल्यांचा खच, नुसता हात घालायचा गाळात."

माझ्यासमोर खांबांवर ओल चढत चालली होती. पेन्सिलच्या खुणेला केसभर कमी. घड्याळात पावणेतीन.

जे पाणी तिकडे गेलं नव्हतं ते कुठे होतं, ते मला दिसत होतं.

टेबलाखाली ड्रिल सुरू झालं.

"शंकर, थांब," मी ओरडलो.

"झालंच," तो म्हणाला.

आवाज बदलला. लाकूड संपून पोकळी लागली की बदलतो तसा. मग भरलेली बाटली उलटी धरल्यावर येतो तो आवाज, घटाघटा, कितीतरी मोठ्या बाटलीचा. मी खाली वाकलो. शंकर बादलीत बघत होता. बादली कोरडी होती.

वर खांब सुकत होते. भराभर, वरून खाली.

"अनिता, धाव," मी म्हटलं. "जेटीकडे. टोपली टाक."

"काय?"

"धाव म्हणतो ना."

ती म्हणाली, "अहो, वारा नाही, आणि हा आवाज कसला?"

मग तिने बायकांना हाका मारल्या. गाळातून पाय उपसल्याचा आवाज आला, पुन्हा, पुन्हा. तिचा श्वास. कुणीतरी देवाचं नाव घेत होतं.

"पाणी आलं," ती म्हणाली. "घोट्याला लागलं."

फोन बंद पडला.

मी सोळा वेळा लावला. शंकर टेबलाखालून निघून माझ्या शेजारी उभा होता. होडीची नाळ किनाऱ्याकडे झाली होती.

सतराव्यांदा लागला. सगळ्या वर आल्या होत्या. एकही मागे राहिली नव्हती. अनिता रडत होती आणि टोपली गेली म्हणून मला शिव्या घालत होती. घोट्यापर्यंतच लागलं हो, ती म्हणाली, मी जेटीवर चढले तेवढ्यात. मी भिंतीला टेकलो आणि तिथेच खाली बसलो. शंकरने पाण्याची बाटली पुढे केली. मी ती घेतली नाही.

शंकरने मग गाडी सोडली. ती जेटीजवळून न अडखळता गेली.

गुरुवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, अनिताचा व्हिडिओ कॉल आला. फोन पूर्णिमाने धरला होता, शाळेच्या गणवेशात. अनिता ओटीवर पाय पसरून बसली होती आणि कालचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत होती, कोण पडली, कुणाची चप्पल गेली, कोण कुणाला ओढत होती. हसत होती. मुळ्यांचं तिला फार वाईट वाटत होतं.

"बाबा, आईच्या पायाला काहीतरी लागलंय," पूर्णिमा मध्येच म्हणाली. "साबणाने जात नाही."

अनिता म्हणाली, गाळ असेल, तू फोन नीट धर.

पूर्णिमाने फोन खाली नेला. पाय रेझिनसारखा चकाकत होता. घोट्यापर्यंत नाही, पोटरीच्या अर्ध्यापर्यंत.

पूर्णिमाने त्यावर नखाने वाजवलं. टक्, टक्. फोनमधून मला स्पष्ट ऐकू आलं.

अनिता वर मुळ्यांबद्दलच बोलत राहिली. तिने खाली बघितलंसुद्धा नाही.