गर्दी नसलेलं पाणी

ताई तलावात पडली तेव्हा काठावरच्या एका अख्ख्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. पॅडलबोर्डवर उभं राहायचा तिचा तो पहिलाच प्रयत्न होता. तेव्हापासून तिने धोशा लावला, की माणूस दिसणार नाही असं पाणी शोध. ताई मला एकच आहे, त्यामुळे शोधलं. नकाशावर बोट फिरवत गेलो आणि जवळपास पार्किंग, हॉटेल, काहीच नाही असा एक निळा ठिपका सापडला. जुन्या दगडखाणीत साठलेलं पाणी.

ठिकाण ऐकल्यावर बोर्ड भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने ताईसाठी काढलेला बोर्ड परत ठेवला आणि दोघांचं वजन पेलणारा काढला. ताईला वाटलं, तो तिला जाडी म्हणतोय. मी त्याला सांगितलं, की मला पोहता येत नाही, मी काठावरच बसणार.

"तुमच्यासाठी नाहीये," तो म्हणाला.

खाणीत खरंच कुणी नव्हतं. भर दुपार, तापलेले दगड, आणि पाणी इतकं गप्प की खोकायची लाज वाटावी. ताई आधी बोर्डवर गुडघे टेकून बसली, मग उभी राहिली. पडली नाही. समोरच्या कड्यापर्यंत जाऊन आली, तेव्हा लहानपणी सायकल जमल्यावर दिसली होती तशी दिसत होती.

"आम्ही पार त्या कड्याला हात लावून आलो."

"आम्ही कोण? एकटीच तर गेली होतीस."

ती पाणी प्यायली आणि पुन्हा निघाली.

उन्हात आधी व्याकरण वितळतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण ताई शाळेत मराठी शिकवते. 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यातल्या घोळापायी तिने माझं प्रेमपत्रसुद्धा लाल पेनाने दुरुस्त केलं होतं.

मी सारखी जागा बदलत होतो. कुठेही बसलो तरी थिएटरात कुणाच्या तरी पुढ्यात बसल्यासारखं वाटायचं.

ताई आता बोर्डच्या अगदी पुढच्या टोकाशी उभी होती. तिथे उभं राहिलं की ते टोक बुडायला हवं. विज्ञानात मी काठावर पास झालोय, पण एवढं कळतं. बोर्ड सपाट होता. मधूनच ती मान किंचित मागे वळवून हसत होती.

मी हाक मारली. म्हटलं, पुरे आता, आई वाट बघत असेल.

"तू हो पुढे. आम्ही थांबतोय."

"ताई, तुला घेतल्याशिवाय मी जाणार नाही."

तिने वल्हं आडवं धरलं. मग माझ्याकडे न बघता, खांद्यावरून मागे हळूच विचारलं. शब्द न शब्द काठापर्यंत आला.

"काय करू या? यालाही घ्यायचं आपल्यात?"

उत्तर ऐकू आलं नाही.

फक्त ताईच्या पायांखालचं टोक पाण्यात खचलं, आणि बोर्डचं मागचं टोक, कुणी उतरावं तसं, सावकाश वर आलं.