काठभरण

आता पडद्यावर रिकामी जागा उरत नाही. जुन्या काळी चित्र जवळजवळ चौकोनी असे. मग लांबट टीव्ही आले आणि जुनं काही लावलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू लागल्या. त्या लोकांच्या डोळ्यांना खुपत. म्हणून शास्त्रज्ञांनी टीव्हीतच काठभरणाची सोय केली. साडीला नवे काठ जोडावेत तसं हे यंत्र जुन्या चित्राच्या डाव्या-उजव्या अंगाला नवं चित्र जोडतं. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय असेल, ते चौकटीतल्या सावल्यांवरून, भांड्यांवरच्या चमकेवरून, माणसांच्या नजरांवरून ताडतं. हल्लीच्या मुलांना काळी पट्टी म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागतं.

सांगलीच्या शरयूबाईंकडे मात्र अजून व्हीसीआर होता. एके काळी असा व्हीसीआर रात्रीपुरता भाड्याने आणत आणि सगळी आळी सतरंजीवर दाटीवाटीने बसे. त्यांनी तो टाकून दिला नव्हता, कारण लग्नाची कॅसेट दुसऱ्या कशातच चालली नसती.

त्यांची भाची केतकी पुण्याच्या प्रयोगशाळेत काठभरणावरच काम करत होती. ती एका सकाळी जोडणीची डबी घेऊन आली. व्हीसीआरच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना घालायला नव्या टीव्हीला भोकंच नव्हती.

"आत्या, फितीला बुरशी लागलीय. एकदाच चालेल ही. नंतर तुकडे पडतील."

"एकदा पुरे," शरयूबाई म्हणाल्या.

दिगंबरराव खुर्ची ओढून पुढे बसले. "केतकी, माझे केस नीट येऊ देत हं. तोच एक पुरावा आहे."

"आतोबा, केस मी लावत नाही. असतील तर दिसतील."

मस्करीत शरयूबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांना एकच गोष्ट बघायची होती. त्या रांगत होत्या तेव्हाच वडील गेले. लग्नात कन्यादान काका-काकूंनी केलं. विधवेने मांडवात पुढे यायचं नाही, असं काकूने बजावल्यामुळे आई मागच्या खोलीत बसून राहिली. नंतर शरयूने विचारलं, तेव्हा आई हसून म्हणाली होती, "बघितलं की गं सगळं." त्याच वर्षी ती गेली. ते खरं होतं, की लेकीला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं होतं, हे शरयूबाईंना कधीच कळलं नाही.

चित्र थरथरलं आणि स्थिरावलं. मंगलाष्टकं चालू होती. दिगंबररावांचे केस खरोखरच भरघोस होते. करवली कऱ्हा घेऊन उभी होती. आणि उजव्या काठात, जिथे पूर्वी चित्रच नव्हतं, दाराच्या चौकटीला धरून एक बाई उभी होती. फिकट लुगडं, मोकळं कपाळ, मुठीत अक्षता.

"आई!" शरयूबाई उठून उभ्या राहिल्या. "अगं, आली होती ती!"

केतकीने चित्र थांबवलं. आजीला तिने कधी पाहिलं नव्हतं. "आत्या, बस. हे खरंच असेल असं नाही."

"म्हणजे? यंत्राला माझी आई कशी माहीत?"

"तू घरातले सगळे फोटो टीव्हीत भरलेस ना? हे बघ, करवलीच्या कऱ्ह्यावर एक फिकट डाग आहे. दाराशी कुणीतरी उभं आहे, एवढं यंत्राने त्यावरून ताडलं. चेहरा फोटोंतून घेतला. डाग आजीच्या लुगड्याचा असेल, नाहीतर नुसत्या भिंतीचा."

"मग खरं-खोटं ओळखायचं कसं?"

"आमची एक पद्धत आहे. मधलं चित्र अस्सल असतं. मधल्यांपैकी कुणी काठातल्या माणसाकडे बघत असेल, तर ते माणूस तिथे होतं."

तिघांनी चित्र सावकाश पुढे नेलं. गुरुजी, काका, काकू, करवली, नवरी. एकानेही उजवीकडे पाहिलं नाही.

"म्हणजे नव्हती," दिगंबरराव हळूच म्हणाले.

"असं कसं?" शरयूबाईंचा आवाज चढला. "खरी उभी असती, तरी कुणी बघितलं असतं का तिच्याकडे? बघायचंच नाही, अशीच रीत होती."

केतकीच्या प्रयोगशाळेत या गोष्टीचा कुणी विचार केला नव्हता.

फीत संपली. आता साठवणीचा प्रश्न आला. एकदा साठवलं की मधलं चित्र आणि काठ एकजीव होतात, शिवण दिसत नाही, हे केतकीने समजावलं. "नको असेल तर काठ कापते. मधलं अस्सल तेवढं ठेवू."

"म्हणजे तिला पुन्हा बाहेर काढायचं. आणि या वेळी मी." शरयूबाईंनी मान हलवली. "ठेव. सगळं ठेव."

पुढच्या महिन्यात केतकी पुन्हा आली, तेव्हा टीव्ही चालूच होता. आत्याने ते लग्न रोज लावल्याचं दिसत होतं. केतकी दारातच थबकली.

मांडवात सगळे उजवीकडे बघत होते. गुरुजींनी मान वळवली होती. नवरी मुंडावळ्या सावरत आईकडे पाहून हसत होती. आणि आईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"आत्या, हे असं नव्हतं!"

"असंच होतं. मी बघितलं होतं तिच्याकडे."

"हो, मला आठवतंय," दिगंबरराव म्हणाले.

काय झालं ते केतकीच्या ध्यानात आलं. साठवलेलं चित्र दर वेळी लावताना यंत्र नव्याने नितळ करतं आणि तसंच परत साठवतं. शिवण उरली नव्हती, त्यामुळे यंत्राच्या लेखी आजी आता त्या लग्नातलीच होती. लग्नघरातली बाई समोर उभी आणि कुणाची नजर तिच्याकडे नाही, ही यंत्राला चूक वाटली. इतर बायकांना कुंकू आणि हिला नाही, हीसुद्धा. एकेक चूक ते सुधारत चाललं होतं. अस्सल फितीचे तर केव्हाच तुकडे झाले होते.

कुंकू आलं, की यंत्र पुढे काय ताडणार?

तिने पडद्याजवळ जाऊन पाहिलं. आईच्या शेजारी, दाराच्या अंधारात, कोटाची एक बाही दिसू लागली होती. खांदा होता. वर नुसतंच धूसर.

शरयूबाईंना वडील आठवत नव्हते. त्यांचा एकुलता एक फोटो कृष्णेच्या पुरात गेला होता.

"आत्या, मी हे पुसते," केतकी म्हणाली आणि तिने बटणाकडे हात नेला.

शरयूबाईंनी तिचं मनगट धरलं. नजर पडद्यावरच होती.

"थांब गं. चेहरा यायचाय अजून."