गिनतीतला सातवा

खोटं वाटेल, पण शपथेवर सांगतो. हे माझ्या मावसभावासोबत घडलंय, अवधूतसोबत. बदलापूरला, सोनिवलीत, याच जानेवारीत. आणि रात्री-बित्री नाही, चांगल्या उजेडात!

अवधूत कवी. सैनिकी शाळेत वाढलेला. डोंगरावरची शाळा, धुकं, शिट्टी, कवायत... त्याची अख्खी कविता तिथूनच आलेली.

सोनिवलीत फ्लॅट घेतला आणि कविता आटली. दोन वर्षं एक ओळ नाही.

"प्राची, मी संपलो गं," बायकोसमोर रडायचा अक्षरशः.

ती बिचारी वैतागली. "अरे, मागच्या डोंगरावर तरी जाऊन बस!"

गेला. वाळकं गवत, वारा. चिटपाखरू नाही. खाली टॉवरच्या कामाचा खडखडाट.

खडखडाट एकदम थांबला...

मग शिट्टी.

"गिनती कर!"

"एक!"... "दो!"... "तीन!"...

पोरांचे आवाज. दिसत कुणीच नव्हतं.

"छह!"...

पुढे शांतता.

शाळेत रांगेत सातवा अवधूतच असायचा. आपला नंबर चुकवला की सगळ्या रांगेला शिक्षा. दुसरा कुणी पळत सुटला असता. ह्या गड्याच्या टाचा आपोआप जुळल्या.

"सात!" तो ओरडला.

"आठ!"... अगदी कानाशी.

घरी आला तो दाराला कडी घालूनच बसला. पण कविता आली! एका बैठकीत, सगळी. मग काय, रोज डोंगर, रोज "सात", रोज कविता. त्याचा आवाज मात्र बसत चालला.

प्राची घाबरली. "आज जायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

तो थांबला. दोघं बाल्कनीत चहा घेत बसले. ऊन उतरलं...

शिट्टी. या वेळी प्राचीलाही ऐकू आली.

"छह!"...

तिने त्याच्या तोंडावर हात घट्ट दाबला.

"सात!"

डोंगरावरून. अवधूतचाच आवाज, खणखणीत.

तिचा हात अजून त्याच्या तोंडावरच होता.

तेव्हापासून अवधूत मुका आहे. घशात काही दोष नाही, म्हणतात डॉक्टर.

परवा मी गेलो होतो. संध्याकाळी डोंगरावरून कविता ऐकू आली. अवधूतच्या आवाजात, नवी कोरी. अवधूत माझ्या शेजारी बसून ऐकत होता, डोळ्यांतून धारा. त्याने मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं...

"माझी आहे रे ती. जाऊ दे ना मला."

आम्ही दाराला बाहेरून कुलूप लावतो. बरोबर करतोय की नाही, देव जाणे.