उधाणाच्या पायऱ्या

येरवड्यातल्या ज्या मॉडेलवाल्याकडे जिनतच्या आर्किटेक्ट ऑफिसचं काम नेहमी जायचं, तो नेमका भाचीच्या लग्नाला सोलापूरला गेला होता. काखेत नकाशांची गुंडाळी, आज मंगळवार, सादरीकरण शनिवारी… आणि समोर हे भलंमोठं कुलूप.

"बघत राहिल्यानं उघडत नाही ते," शेजारच्या दुकानातून आवाज आला. "आम्ही करून बघितलंय."

आवाजाचा मालक लाकडाच्या भुशात नखशिखान्त माखलेला होता. कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा. नाव कासिम. दुकान आजोबांपासून फर्निचरचं. इमारतींची छोटी मॉडेलं हा त्यानं स्वतः लावून घेतलेला नाद.

"शनिवारपर्यंत मॉडेल होईल?"

"कशाचं, त्यावर आहे."

"समुद्राचं."

त्यानं पहिल्यांदा मान नीट वर केली. "पुण्यात?"

"माडबंदरचा समुद्र. कोकणात. तुम्हाला माहीत नसेल."

"माझं आजोळ आहे," कासिम म्हणाला आणि फळीवरचा भुसा हातानं झाडला. "उघडा."

माडबंदर आणि समुद्र यांच्यामध्ये कधीकाळी गोदामं उभी राहिली होती, मग उंच भिंत, मग गाड्यांचा तळ. आता तिथल्या पोरांना समुद्र बघायचा तर गच्चीवर चढावं लागे. नगरपालिकेला तो किनारा शहराला परत जोडून हवा होता. जिनतनं भिंत काढून टाकली होती आणि तिथे थेट पाण्यात उतरणाऱ्या नऊ पायऱ्या आखल्या होत्या. खालून तिसऱ्या पायरीवर म्हाताऱ्या माणसांसाठी बाक. तिच्या एकटीच्या नावावरचं हे पहिलंच काम. विश्रांतवाडीच्या घरात अम्मीलासुद्धा त्या पायऱ्या तोंडपाठ झाल्या होत्या.

कासिमनं नकाशा फळीवर पसरला. त्याचं बोट तिसऱ्या पायरीवर थांबलं. मग हळूच त्यानं विचारलं,

"तुम्ही तिथे गेलात, तेव्हा चंद्र केवढा होता?"

जिनतचे कान तापले. ओळख होऊन दहा मिनिटं नाहीत, आणि हा चंद्रावर पोचला!

"हे बघा, मी मॉडेल करून घ्यायला आलेय. चंद्रबिंद्र दुसऱ्या कुणाला विचारा."

"दुसऱ्या कुणी या पायऱ्या आखल्या नाहीत ना." तो अजिबात हसत नव्हता. "किनाऱ्यावर पाण्याची खूण कुठल्या दिवशी केलीत?"

"मागच्या नाही, त्याच्या आधीच्या रविवारी. भरती पूर्ण होईपर्यंत थांबले होते मी. ओली रेघ स्वतः मोजली."

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. त्या रविवारच्या चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं… अष्टमी.

"अष्टमीला भांगाचं पाणी असतं," कासिम म्हणाला. "भरती येते, पण आळसावल्यासारखी. अमावस्या-पौर्णिमेला येतं ते उधाण. आठ दिवसांनी गेला असतात, तर ओल्या रेघेऐवजी चपला शोधत बसला असतात."

"किती… किती चढतं?"

त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि नकाशाला न लावता, हवेतच, पाचव्या पायरीवरून फिरवली.

जिनत स्टुलावर बसली. म्हणजे बाक पाण्यात. म्हातारी माणसं… तिच्यानं पुढचा विचार करवेना.

"सांगाल तसं बनवीन मी," तो म्हणाला. "शनिवारी बघणाऱ्यांना कदाचित कळणारही नाही. फक्त… आमची नानी त्या बाकावर बसणार नाही. एवढंच."

दहा मिनिटं तिनं त्याचा मनापासून राग केला. मग गुंडाळी उचलून ती ऑफिसात गेली आणि साहेबांना, श्रीधरसरांना, सगळं सांगितलं. हे काम आपल्या हातून काढून घेतील, अशी तिची खात्रीच होती.

सरांनी चष्मा काढून पुसला. "आपण नदीकाठची माणसं, जिनत. पाणी वाढणार असेल तर धरणवाले आधी कळवतात. समुद्राकडे तशी पद्धत नसावी." चष्मा परत चढला. "भरतीचे तक्ते मी मागवतो. शुक्रवारपर्यंत नवी आखणी नसेल, तर शनिवारी आपण जात नाही."

बुधवारपासून ती कासिमच्या फळीच्या कोपऱ्यावर बसून आखू लागली. खालच्या पाच पायऱ्या तिनं समुद्रालाच देऊन टाकल्या. खडबडीत काळा दगड, घसरू नये असा. बाक सातव्या पायरीवर गेले.

"कोपरा मागितलात, अर्धी फळी घेतलीत," कासिम म्हणाला.

"उधाण आहे. सरकून बसा."

तो खरंच सरकला. चहा आला की तिच्या कपावर तो न बोलता झाकण ठेवी, भुसा पडू नये म्हणून. स्वतःच्या कपावर मात्र कधीच नाही. गुरुवारी तिनं त्याच्या कपावर वही ठेवली. त्यानं वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे… आणि करवत उलटी धरली.

"दात वर आहेत," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. आणि तशीच धरून ठेवली.

शनिवारी माडबंदरची मंडळी पुण्यात आली. मॉडेलबरोबर कासिमनं निळ्या काचेसारखे दोन पातळ तुकडे दिले होते, एक भांगाचा, एक उधाणाचा. जिनतनं आधी पहिला ठेवला. मग तो उचलून दुसरा बसवला. पाच पायऱ्या पाण्याखाली गेल्या. बाक कोरडे राहिले.

नगरपालिकेतल्या एक वयस्कर बाई पुढे वाकल्या. "तुम्हा पुण्याच्या लोकांना हे सांगितलं कुणी?"

सोमवारी ती दुकानात आली, तेव्हा कासिम रंधा मारत होता. तो थांबला नाही.

"काम मिळालं?"

"मिळालं." ती फळीच्या तिच्या कोपऱ्यावर टेकली. "कुणी सांगितलं म्हणून विचारत होते. मी तुमचं नाव घेतलं."

"काय म्हणालात?"

"कासिम."

"नुसतं कासिम?"

"मॉडेलवाले कासिमभाई म्हणणार होते…" जिनत नखानं फळीवरचा गोंद खरवडू लागली. "पण भाई काही तोंडातून निघेना."

रंधा थांबला. बाहेरच्या रिक्षावाल्याची शिवीसुद्धा स्पष्ट ऐकू आली.

"बरं झालं," कासिम म्हणाला. "माझ्या तोंडातूनसुद्धा मंगळवारपासून मॅडम निघत नाहीये."

ती उठून कॅलेंडरपाशी गेली. आज पुन्हा अष्टमी. पुढच्या मंगळवारी पौर्णिमा. तिनं मागे हात केला. त्यानं कानावरची पेन्सिल त्यात ठेवली. तिनं पौर्णिमेभोवती गोल काढला.

"मला उधाण बघायचंय. तुमच्या नानींच्या ओट्यावरून."

"एकटी येशील?"

ते एकेरी दोघांनीही ऐकलं. दोघांनीही दुरुस्त केलं नाही.

"अम्मी सोडायची नाही."

कासिमनं तिच्या हातातून पेन्सिल घेतली. बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली. मग त्यानं पौर्णिमेच्या दोन चौकटी आधी, रविवारभोवती, दुसरा गोल काढला.

"मग आधी माझी अम्मी तुझ्या अम्मीकडे येईल," तो म्हणाला. "समुद्र न कळवता येतो. आम्ही कळवून येतो."